परभणी क्रांती भेंडीवर हळद्या: बी बिघडले की विषाणू बदलला?

नीरेकाठचा शेतकरी

सर्वांना नमस्कार. आमची शेती पुरंदर तालुक्यात नीरेच्या बाजूला आहे. वडिलांनी १९९०च्या सुमारास परभणी क्रांती भेंडीचे बी पहिल्यांदा आणले आणि तेव्हापासून घरचेच बी धरण्याचा परिपाठ आम्ही मोडलेला नाही. दर हंगामात दहा-बारा जोमदार झाडे राखून ठेवायची, त्यांची फळे न तोडता झाडावरच वाळू द्यायची, तडकण्याआधी काढायची आणि बी राखेत घोळून काचेच्या बरणीत भरायचे, अशी ही साधी पद्धत. भेंडी गडद हिरवी, सडपातळ आणि पाच धारांची असते. मंडईत तिला अजूनही गिऱ्हाईक आहे.

अडचण अशी की, गेली सहा-सात वर्षे पीक चार आठवड्यांचे झाले की कोवळ्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागतात, मग पूर्ण पान हळदीत बुडवल्यासारखे होते आणि फळेही पिवळट, राठ निघतात. पूर्वी शंभरात पाच-सात झाडे अशी दिसत. या उन्हाळी हंगामात दहा गुंठ्यांतील जवळजवळ सगळे पीक तिसऱ्या तोड्यापर्यंत पिवळे पडले. गावातील दुकानदाराचे म्हणणे असे की हे वाण आता संपले, संकरित ‘व्हायरस फ्री’ भेंडी लावा. तीही मागच्या वर्षी चार गुंठ्यांत लावून पाहिली. दीड महिना ती हिरवीगार राहिली, पण पुढे तिची पाने वर वळली, खालच्या बाजूने खरखरीत उंचवटे आले आणि खोड पिळवटल्यासारखे झाले.

माझे प्रश्न दोन आहेत. रोगट झाडांच्या शेजारी वाढलेल्या झाडांचे बी वर्षानुवर्षे धरल्यामुळे रोग बियाण्यात शिरला आहे का? आणि जे वाण रोगाला दाद देत नव्हते, ते तीस वर्षांत एकाएकी हतबल का होते? औषधांची यादी नको आहे. कारण समजून घ्यायचे आहे.

शिवारफेरी

भाऊ, आमच्याकडे याला केवडा म्हणतात. ताम्रयुक्त बुरशीनाशकाच्या दोन फवारण्या आठ दिवसांच्या अंतराने घ्या, आटोक्यात येईल.

पानावरचे डाग

शिवारफेरी यांचा हेतू चांगला आहे, पण येथे नावाने घोटाळा केला आहे. द्राक्ष किंवा काकडीवर ज्याला आपण केवडा म्हणतो, तो पानाखाली बुरशीसारखी वाढ करणाऱ्या सूक्ष्मजीवामुळे होतो आणि त्यावर ताम्रयुक्त औषधांचा उपयोग होतो. भेंडीच्या पिवळ्या शिरांनाही बऱ्याच भागांत केवडाच म्हणतात, मात्र तो विषाणूचा रोग असून पांढरी माशी त्याचा प्रसार करते. त्यावर बुरशीनाशक मारणे म्हणजे पाण्यात पैसे टाकणे आहे. म्हणून मी तरी ‘हळद्या’ हाच शब्द वापरतो.

हा रोग बाहेरून आलेला नवा पाहुणाही नाही. तत्कालीन मुंबई इलाख्यातून त्याची पहिली नोंद १९२४ साली कुलकर्णी यांनी केली आणि १९४०मध्ये उप्पल, वर्मा व कपूर यांनी तो विषाणुजन्य असल्याचे मांडून त्याला ‘यलो व्हेन मोझॅक’ हे नाव दिले. म्हणजे शंभर वर्षे तो आपल्याच शिवारात आहे.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ देता येते: हा रोग बियाण्यातून पसरत असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जात नाही. रोगट झाडाचे बी पेरले तरी उगवणारे रोप निरोगी असते. माशी येऊन डसल्यावरच ते आजारी पडते. तेव्हा आपल्या बरणीत रोग साठला आहे, ही भीती मनातून काढून टाका. संकरित भेंडीवर जी लक्षणे आपण सांगितली (पान वर वळणे, खालून उंचवटे, पिळलेले खोड) ती मात्र हळद्याची नाहीत. ती ‘एनेशन लीफ कर्ल’ या दुसऱ्या विषाणुरोगाशी जुळतात. तो हळद्याचा भाऊबंद असून त्याचीही वाहक पांढरी माशीच आहे. एकाला तोंड देणारे वाण दुसऱ्यालाही देईलच, असे नसते.

निवृत्त पैदासकार

भाजीपाला पैदास हा माझा आयुष्यभराचा विषय असल्याने उत्तर थोडे लांबेल, याची आधीच क्षमा मागतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नासाठी परभणी क्रांतीच्या आधीचे वाण आठवावे लागेल. पुसा सावनी ही भेंडी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झाली आणि १९६०च्या आगेमागे देशभर पसरली. तिच्यातील रोगाविषयीचा गुण आय. सी. १५४२ या पश्चिम बंगालमधून मिळालेल्या नमुन्यातून आला होता. त्याचा संकर पुसा मखमली या भेंडीच्या वाणाशी केला गेला. परंतु तो नमुना रोगाला खऱ्या अर्थाने अडवत नव्हता. विषाणू आत शिरे, वाढे, पण पानावर लक्षणे दिसत नसत. शेतकऱ्याच्या दृष्टीने पीक हिरवे होते, माशीच्या दृष्टीने मात्र ते विषाणूचे कोठारच होते. काही वर्षांतच हा पडदा फाटला आणि आज पुसा सावनी कोठे लावली जात असेल तर बहुधा प्रयोगक्षेत्रावर, हमखास रोगाला बळी पडणारी तुलनेची ओळ म्हणून.

यानंतर पैदासकारांसमोर खरा पेच उभा राहिला. लागवडीखालील भेंडीचे शेकडो नमुने रोगाच्या माऱ्याखाली तपासले, तरी भरवशाचा प्रतिकार त्यांत सापडेना. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या कोवळी, कमी काट्यांची, लांब आणि भरपूर फळणारी झाडे निवडली. या निवडीत पिकाचा आनुवंशिक पाया अरुंद होत गेला आणि ज्या गुणांची त्या त्या वेळी गरज नव्हती, ते मागे राहिले. ते शोधायला रानातील नातलगांकडे जावे लागले. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी पुसा सावनीचा संकर अ‍ॅबेलमॉस्कस मॅनिहॉट या रानभेंडीच्या प्रजातीशी केला.

हे वाक्य लिहायला सोपे आहे, काम मात्र अत्यंत चिवट होते. आपल्या भेंडीत गुणसूत्रांची संख्या साधारण १३० असते आणि मॅनिहॉटमध्ये ६६ ते ६८. अशा दोन झाडांचा संकर झाला तरी पहिल्या पिढीतील झाडात गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, परागकण बहुतांशी निकामी निघतात आणि फळ धरले तरी त्यात बी भरत नाही. जे थोडके बी मिळते ते पुन्हा लागवडीच्या भेंडीशी संकरित करायचे, येणाऱ्या रोपांतून रोगाला दाद न देणारी व तरीही भेंडीसारखी दिसणारी झाडे उचलायची, आणि रानभेंडीची लव, राठपणा व आखूड फळे पिढ्यामागून पिढ्या गाळत जायचे. या कामातून त्यांनी १९८१मध्ये एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला: त्यांच्या संकरांत हा प्रतिकार एकाच प्रभावी जनुकावर, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच मिळाले तरी आपला गुण दाखवणाऱ्या जनुकावर, अवलंबून होता. इतर संशोधकांना वेगळ्या संकरांत दोन पूरक जनुकांचा खेळ दिसला, तो भाग निराळा. परभणी क्रांती १९८५च्या सुमारास शेतकऱ्यांच्या हाती आली आणि ती खरोखर क्रांती होती. ज्यांनी त्या काळात पुसा सावनीचे पिवळे मळे पाहिले आहेत त्यांना हे सांगावे लागत नाही.

आता आपल्या बरणीकडे येऊ. भेंडीचे फूल स्वतःच्या परागाने फळते खरे, पण मधमाश्यांमुळे साधारण ४ ते १९ टक्के बी परपरागाने धरते, असे जुन्या निरीक्षणांत नोंदलेले आहे. म्हणूनच प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटला दुसऱ्या भेंडीपासून २०० मीटर अंतर ठेवावे लागते. समजा आपल्या शेजाऱ्याने रोगाला बळी पडणारी भेंडी लावली आणि तिचा पराग आपल्या राखून ठेवलेल्या झाडांवर आला. प्रतिकाराचे जनुक प्रभावी असल्याने अशा बियांपासून आलेली झाडे पुढच्या वर्षीही हिरवीच दिसतात आणि आपल्याला काहीही कळत नाही. त्या झाडांचे बी धरले की तिसऱ्या वर्षी त्यांच्या संततीत चारांतील एक झाड जनुकाविना जन्मते. भेसळ झाली त्या वर्षी दिसत नाही, दोन वर्षांनी दिसते, आणि तोवर ती कोठून आली हे आठवत नाही. दहा-बारा झाडांवरून बी धरण्याचाही तोटा आहे, कारण एवढ्या थोड्या झाडांत एखादे जनुक निव्वळ योगायोगाने वाढते किंवा नाहीसे होते. पन्नास-साठ झाडांवरून थोडे थोडे बी घेऊन एकत्र करणे केव्हाही चांगले.

पण सगळा दोष बरणीवर टाकणे अन्यायाचे होईल, कारण विद्यापीठाकडून घेतलेले शुद्ध बीसुद्धा आता पूर्वीसारखे टिकत नाही. परभणी क्रांतीच नव्हे, तर पंजाब-७, जिच्यात घाना देशातून आलेल्या नातलगाचा वाटा आहे, आणि बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या अर्का अनामिका व अर्का अभय, ज्यांच्यात अ‍ॅबेलमॉस्कस टेट्राफायलस या आणखी एका रानभेंडीचे रक्त आहे, या साऱ्यांच्या बाबतीत हाच अनुभव येत गेला. वाण बसून राहते आणि विषाणू चालत राहतो. हळद्या हा एका विषाणूचा रोग नाही. भेंडीवर पिवळ्या शिरा आणणाऱ्या विषाणूंच्या अनेक प्रजाती आता वेगळ्या ओळखल्या गेल्या आहेत आणि त्यांतील एकीला चक्क महाराष्ट्राचे नाव दिलेले आहे. एकाच झाडात दोन विषाणू एकत्र आले तर त्यांच्या जनुकद्रव्याचे तुकडे आपसांत बदलतात आणि तिसराच विषाणू तयार होऊ शकतो. शिवाय या विषाणूबरोबर बीटा सॅटेलाइट नावाचा डीएनएचा एक छोटा तुकडा फिरतो, जो झाडाची संरक्षणव्यवस्था दाबून टाकतो. त्याच्यावाचून रोगाची खरी लक्षणे उमटत नाहीत, हे २००३मध्ये दाखवले गेले. एकाच जनुकाचे कुलूप लावलेले वाण लाखो एकरांवर, वर्षातून दोन-तीन हंगाम, तीस-चाळीस वर्षे उभे केल्यावर त्याची किल्ली सापडणारा एखादा विषाणू निपजणे अपरिहार्यच होते.

सिंदखेडराजाचा बीजोत्पादक

पैदासकार सरांचे म्हणणे वाचताना आमच्या शेडनेटमधली भेंडी डोळ्यांसमोर आली. मी कंपन्यांसाठी संकरित भेंडीचे बीजोत्पादन करतो. दुपारी तीननंतर दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखाने तिचे आवरण गोल कापून परागकोशांची नळी अलगद ओढून काढायची, कळीला कागदी टोपी घालायची आणि देठाला लाल दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत नराचे फूल आणून कुक्षीवर फिरवायचे. दुपारनंतर फूल मिटते, मग काही उपयोग नाही. कामाला येणाऱ्या बायका हे इतक्या सफाईने करतात की पाहणाऱ्याला वाटावे, फुलाला हातच लावलेला नाही.

एक गोष्ट मला बरीच वर्षे खटकत आली आहे. कंपनी आम्हाला नर आणि मादी अशी दोन वाणे देते आणि त्यांची नावे सांगत नाही, फक्त आकडे असतात. प्रतिकाराचे जनुक प्रभावी असेल तर ते दोघांपैकी एकात असले तरी संकरित भेंडीला पुरते. मग बाजारात दिसणाऱ्या दहा आकर्षक पाकिटांतील भेंड्यांमध्ये हा गुण मुळात एकाच स्रोताकडून आलेला असणे अगदी शक्य आहे. नावे दहा आणि आधार एकच. तीन-चार वर्षांत एखादी संकरित भेंडी मागे पडते आणि नवे पाकीट येते, तेव्हा ते खरोखर नव्या स्रोताचे असते का, हे शेतकऱ्याला कळण्याची कोणतीही सोय नाही.

आणखी एक. पाकिटावर ‘टॉलरंट’ लिहिलेले असते आणि दुकानात पोहोचेपर्यंत त्याचे ‘व्हायरस फ्री’ होते. सहनशील वाणाला रोग होतो, फक्त उत्पन्न कमी बुडते. नीरेकाठच्या दादांची फसगत बहुधा याच शब्दाने केली.

पानावरचे डाग

बीजोत्पादक दादांनी फार मोलाची शंका मांडली आहे. अशाच एकसारखेपणाचा फटका अमेरिकेने १९७०मध्ये मक्यात खाल्ला. संकरित बियाणे करताना तुरे काढण्याची मजुरी वाचावी म्हणून तेथील सुमारे ८५ टक्के मक्यात एकाच प्रकारचे नरवंध्य पेशीद्रव्य (ज्यामुळे तुऱ्यात कामाचा पराग तयारच होत नाही) आणले गेले होते, आणि पानावरील करप्याची जी जात नेमक्या त्याच पेशीद्रव्यावर तुटून पडत होती, तिने एका हंगामात देशाचे सुमारे १५ टक्के पीक नेले. तेथेही पाकिटांवरची नावे निरनिराळीच होती.

टोमॅटोच्या पैदासकारांची स्थिती मात्र भेंडीपेक्षा बरी आहे. पर्णगुच्छ विषाणूविरुद्ध टाय-१, टाय-२, टाय-३ अशी जनुके रानटी टोमॅटोंतून आणली गेली, त्यांच्या जागा गुणसूत्रांवर नेमक्या ठाऊक आहेत आणि त्यामुळे रोपाच्या पानाचा तुकडा तपासून दोन-तीन जनुके एकाच वाणात एकत्र करता येतात. टाय-२ तर मुळात हरियाणातील हिसारला केलेल्या कामातून, एच-२४ या वाणातून पुढे आले. टोमॅटोत गुणसूत्रांच्या जोड्या १२ आहेत, भेंडीत ६५. भेंडीचा नकाशा काढणे हे त्यामुळेच मागे पडले.

मांडवीचे जुवे

मी गोव्यातून लिहिते. आमच्याकडे सांतइस्तेवच्या बेटावर सात शिरांची भेंडी होते: फिकट हिरवी, वीतभर लांब आणि तरीही कोवळी. पावसाळ्यात बाजारात ती आली की पाच धारांच्या भेंडीकडे कोणी वळत नाही. बी घराघरांतून धरले जाते आणि बारकाईने पाहिले तर प्रत्येक घरची भेंडी थोडी वेगळी निघते; कोणाची आठ शिरांची, कोणाची लवकर फळणारी, कोणाची बुटकी.

माझ्या परसात ती हळद्यापासून सुटलेली नाही, हे आधीच सांगते, कारण गावरान म्हणजे निरोगी असा एक गोड समज समाजमाध्यमांवर फिरत असतो. पण एक फरक मला दिसतो. संकरित भेंडी लावली त्या वर्षी ती एका आठवड्यात सगळी पिवळी पडली. गावरान भेंडीत काही झाडे लवकर गेली, काही उशिरा, आणि दोन-चार शेवटपर्यंत फळत राहिली. माझ्या ताटाला तेवढे पुरले. हा निव्वळ योगायोग होता की त्या विविधतेचा काही उपयोग झाला, हे सरांनी सांगावे.

निवृत्त पैदासकार

ताई, निरीक्षण नेमके आहे आणि त्यात दोन्ही गोष्टी असू शकतात. मिश्र लोकसंख्येत रोगाचा वेग मंदावतो, कारण एका झाडावर विषाणू झपाट्याने वाढला म्हणून शेजारच्या झाडावरही तसाच वाढेल, असे नसते. प्रतिकार केवळ एका मोठ्या जनुकातूनच येतो असेही नाही. पानाची लव माशीला बसायला नकोशी वाटणे, विषाणू शिरल्यावर लक्षणे आठ दिवस उशिरा येणे, झाड लवकर फळावर येणे, अशा लहान लहान गुणांची बेरीजही पिकाला तारते. हा प्रतिकार पूर्ण नसतो, परंतु विषाणूला तो एका फटक्यात मोडताही येत नाही. पैदासकारांनी अशा गुणांकडे दुर्लक्ष केले, कारण शंभर टक्के हिरवी ओळ शिवारफेरीत पाहुण्यांना दाखवता येते आणि सत्तर टक्के हिरवी ओळ दाखवता येत नाही. त्या पाहुण्यांना ओळी दाखवणाऱ्यांत मीही होतो.

म्हणूनच सांतइस्तेवच्या घराघरांतील बी हे जननद्रव्य, म्हणजे पुढच्या पैदाशीसाठी लागणारा आनुवंशिक ठेवा, म्हणून जपण्याजोगे आहे. अकोल्यात राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोचे प्रादेशिक केंद्र आहे. स्थानिक भेंडीचे नमुने, गाव, हंगाम आणि घरात त्याला काय म्हणतात याची नोंद करून अशा ठिकाणी द्यावेत. शीतगृहातील बी सुरक्षित राहते, पण तेथे त्याची विषाणूशी गाठ पडत नाही. शेतातील बी दरवर्षी परीक्षा देते. दोन्हीकडे असलेले बरे.

नीरेकाठच्या मित्रांना एक सोपी चाचणी सुचवतो. खरिपात घरच्या बियाण्याच्या चार ओळी आणि विद्यापीठाच्या विक्रीकेंद्रातून आणलेल्या परभणी क्रांतीच्या चार ओळी शेजारी शेजारी टोका. मध्ये आणि दोन्ही कडांना रोगाला हमखास बळी पडणाऱ्या एखाद्या भेंडीची ओळ ठेवा; आम्ही प्रयोगक्षेत्रावर पुसा सावनी वापरत असू. या ओळी माशी आणि विषाणू दोन्ही पोसतात. त्या आधी पिवळ्या पडल्या म्हणजे रोगाचा मारा पुरेसा आहे असे समजावे. नव्या बियाण्याच्या ओळी हिरव्या आणि घरच्या पिवळ्या, तर बरणीत भेसळ आहे. दोन्ही सारख्याच पिवळ्या, तर वाणाचाच प्रतिकार तुमच्या शिवारातील विषाणूपुढे संपला आहे.

नीरेकाठचा शेतकरी

सर्वांचे मनापासून आभार. सरांनी सांगितलेल्या पद्धतीने जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ओळी टोकल्या होत्या. आज पंचाहत्तर दिवस झाले, म्हणून निकाल सांगतो.

कडेच्या ओळी महिन्याच्या आत पिवळ्या पडल्या. विद्यापीठाच्या बियाण्याच्या ओळी सुमारे दोन आठवडे अधिक टिकल्या आणि मग जवळजवळ एकदमच गेल्या. घरच्या ओळींचे चित्र मला अपेक्षित नव्हते. त्यांतील काही झाडे कडेच्या ओळींबरोबरच, अगदी लवकर पिवळी झाली. बहुतेक विद्यापीठाच्या झाडांबरोबर गेली. परंतु चार झाडे अजूनही वरच्या पानापर्यंत हिरवी असून त्यांवर भेंडी धरते आहे. त्यांतल्या दोघांची फळे सहा धारांची आहेत आणि खोडावर तांबूस छटा आहे, म्हणजे ती परभणी क्रांती राहिलेली नाहीत हे उघड आहे. भेसळ झालीच आहे. पण त्या भेसळीतूनच ही झाडे आली असतील, तर तिला नावे ठेवावीत की नाही, हे मला ठरवता येत नाही.

वडील पाहायला आले होते. त्यांनी चारही झाडांना घरातल्या नाडीचे तुकडे बांधले आणि ही झाडे कोणीही तोडायची नाहीत, असे आईला बजावले. या झाडांचे बी धरावे का?

पानावरचे डाग

धरावे, पण हर्ष जरा लांबवा. शेतात हिरवे राहिलेले प्रत्येक झाड प्रतिकारक असतेच असे नाही; काही झाडे केवळ माशीच्या तावडीतून सुटलेली असतात. एखाद्या कोपऱ्यात वारा अधिक होता, झाड उशिरा उगवले, किंवा माशी शेजारीच रमली, एवढ्याने ते वाचते. चारही झाडे एकाच ठिकाणी आहेत की विखुरलेली, हे आधी पाहा. विखुरलेली असतील तर आशा थोडी अधिक. पुसा सावनीच्या वेळची चूक दुसरी होती, तीही लक्षात ठेवावी: हिरव्या झाडात विषाणू लपून राहत असेल. त्याची खात्री डोळ्यांनी होत नाही. त्यासाठी रोगट झाडाची फांदी या झाडाच्या संततीवर कलम करून पाहतात किंवा पानाची प्रयोगशाळेत तपासणी करतात. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारल्यास कोठे पाठवायचे ते कळेल.

निवृत्त पैदासकार

वरील सूचनेशी पूर्ण सहमत आहे. परागाची काळजी मात्र आजपासूनच घ्या, कारण आजूबाजूला पिवळ्या झाडांची फुले उमलत आहेत आणि मधमाशीला भेदभाव कळत नाही. संध्याकाळी उद्या उमलणारी कळी ओळखा, तिच्या टोकाला सुती दोरा सैलसर गुंडाळा किंवा कळीवर बटर पेपरची छोटी पिशवी चढवा; फूल आतल्या आत स्वतःच्याच परागाने फळेल. दोन दिवसांनी पिशवी काढून देठाला खूण करा. प्रत्येक झाडावर अशी चार-पाच फळे पुरेत.

चारही झाडांचे बी वेगवेगळ्या पुड्यांत ठेवा आणि पुढच्या उन्हाळ्यात वेगवेगळ्या ओळींत टोका, मध्ये पुन्हा रोगट ओळ हवीच. एका झाडाची सगळी संतती टिकली, दुसऱ्याची चारांतील तीन टिकली, तिसऱ्याची अजिबात टिकली नाही, असा फरक त्याच वेळी दिसेल. चारांचे बी एकत्र केले तर यातील काहीच कळणार नाही. सहा धारांच्या दोन झाडांना बाजारात कमी भाव मिळेल म्हणून ती आताच उपटू नका.

नीरेकाठचा शेतकरी

झाडे विखुरलेली आहेत: दोन दुसऱ्या ओळीत, एक तिसऱ्या ओळीच्या शेवटी बांधाजवळ आणि एक चौथ्या ओळीत. बांधाजवळच्या झाडाबद्दल मला स्वतःलाच शंका आहे, कारण तिकडे मक्याचे दोन तास उभे आहेत आणि माशी तेथे कमी फिरकली असेल. आज संध्याकाळी सात कळ्यांना पिशव्या चढवल्या. बटर पेपर गावात मिळाला नाही, म्हणून मिठाईच्या दुकानातून आणलेल्या पातळ कागदाच्या पिशव्या केल्या आहेत. पावसाची सर आली तर त्या टिकतील का, तेवढे सांगावे.

सिंदखेडराजाचा बीजोत्पादक

एका सरीत गळून पडतील. रात्री पावसाचा रंग असेल तर पिशवी नको, दोराच बांधा. कळीच्या टोकापासून खाली एक सेंटीमीटरवर दोन वेढे, गाठ सैल. सकाळी अकरानंतर सोडा. लाल दोरा वापरला तर पानांत शोधत बसावे लागत नाही.